हार नसलेल्या तसबिरी

शाळेतल्या मास्तरांची नक्कल ज्याने कधी केली नाही असा मनुष्य मला अद्याप भेटायचा आहे. पुढे तो मामलेदार होवो, डॉक्टर होवो, नाही तर साखर कारखान्याचा संचालक होवो, दिवाळीत चार बालमित्र जमले, फराळाची ताटे पुढे आली आणि कोणी "आपले ड्रॉइंगचे सर आठवतात का रे?" असे म्हटले, की धोतराचा सोगा सावरल्याचा अभिनय करीत तो उठतोच. ह्या नकलेत द्वेष नसतो. ज्यांनी कधी काळी आपला कान पिरगाळला त्यांचीच नक्कल हा गडी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत करतो. पाठ केलेली कविता विसरते, सनावळ्या विसरतात. पण मास्तरांच्या खाकरण्याची पट्टी मात्र जन्मभर कानात राहते.

नकलेची हीच हौस रंगीत छापून विकण्याचा उद्योग राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनच्या एका साप्ताहिकाने चालवला. 'व्हॅनिटी फेअर' हे त्याचे नाव. थॉमस गिब्सन बोल्स ह्या गृहस्थाने ते १८६८ साली काढले, आणि १८६९ च्या जानेवारीपासून त्यात नामांकित माणसांची रंगीत व्यंगचित्रे येऊ लागली. पहिला मान डिझरायलीला मिळाला. १९१४ पर्यंत हा क्रम चालला आणि दोन हजारांहून अधिक चित्रे निघाली. त्यांत मंत्री होते, सेनापती होते, न्यायाधीश आणि घोडेस्वार होते. आपले क्रिकेटपटू रणजितसिंहजीही १८९७ साली त्यात झळकले. परंतु माझे मन बसले ते ह्या मेळ्यातील विद्यापीठाच्या पंडितांवर आणि शाळांच्या हेडमास्तरांवर. मी स्वतः जातीचा मास्तर. इंदापूर तालुक्यात आणि नंतर बारामतीत मिळून तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवला. व्यवसायबंधूंची फजिती पाहण्याचे सुख काही वेगळेच असते.

गेली पन्नास वर्षे मी ही चित्रे जमवीत आलो आहे. आज बारामतीच्या माझ्या घरी त्यांचे दोन जाड गठ्ठे आहेत. घरी येणारा पाहुणा ते पाहतो, हसतो आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारतो. शेजारचे एक द्राक्षबागायतदार तर दर दिवाळीला विचारतात, "गुरुजी, ह्या गोऱ्या मास्तरांचा नि आपल्या गावांचा काय हो संबंध?" प्रश्न रास्त आहे. ह्या लेखात त्याचे उत्तर देण्याचा विचार आहे. मात्र त्याआधी ह्या मंडळींची वाचकांशी ओळख करून दिली पाहिजे.

ही चित्रे काढणाऱ्यांत दोघे मोठे. पहिला कार्लो पेलेग्रिनी. हा मूळचा इटलीचा. सही करी 'एप', म्हणजे वानर. लहानशा धडावर भले मोठे डोके बसवण्यात त्याचा हातखंडा. दुसरा लेस्ली वॉर्ड. त्याची सही 'स्पाय', म्हणजे हेर. ह्या नावाची गंमत अशी सांगतात, की टोपणनाव काय घ्यावे असा प्रश्न पडला तेव्हा बोल्सने डॉक्टर जॉन्सनचा कोश त्याच्या हातात दिला. त्याने तो सहज उघडला आणि नजर पडली ती ह्याच शब्दावर. ह्या हेराने हेरगिरीचे पहिले धडे घेतले ते ईटनच्या शाळेत, वर्गबंधूंची आणि मास्तरांची चित्रे काढून! पुढे १८७३ साली 'व्हॅनिटी फेअर'मध्ये त्याचे पहिले चित्र आले तेही एका प्रोफेसराचेच. ते प्रोफेसर म्हणजे रिचर्ड ओवेन. प्राण्यांच्या सांगाड्यांचा हा गाढा अभ्यासक. आज आपल्या नातवंडांच्या तोंडी सदा असणारा 'डायनोसॉर' हा शब्द ह्याच गृहस्थाने १८४२ साली घडवला. चित्राखाली मथळा होता 'जुनी हाडे'. ती हाडे प्रोफेसरांनी तपासलेली की प्रोफेसरांची स्वतःची, हे वाचकाने आपापल्या मगदुरानुसार ठरवावे.

आता जमवण्याविषयी दोन शब्द. माझी पहिली काही चित्रे पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. कंदिलांच्या काचा, कुलपे आणि पितळी नळ ह्यांच्या ढिगात फुटक्या चौकटी पडलेल्या असत. कोण्या बंगल्यातून, कोण्या क्लबातून सामान निघाले की त्याबरोबर ह्याही येत. विकणाऱ्याला चित्राशी कर्तव्य नसे. तो पैसे सांगे चौकटीचे. पुढे मुंबईच्या चोरबाजाराची आणि फाउंटनच्या फुटपाथाची वाट सापडली. तेथील दुकानदार मात्र चित्राकडे न पाहता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे पाहून किंमत सांगत. तेव्हा डोळे कोरडे ठेवण्याची विद्या मला शिकावी लागली.

खरे चित्र ओळखण्याच्याही खुणा आहेत. कागद साधारण चौदा इंच लांब आणि नऊ-दहा इंच रुंद असतो. तळाशी मथळा, कडेला साप्ताहिकाचे नाव, तारीख आणि छापणाऱ्यांची ओळ. छपाई दगडावरची, एकेक रंग वेगळा देऊन केलेली. त्यामुळे भिंगाखाली धरले की रंगाचे कण ज्वारीच्या पिठासारखे वेडेवाकडे विखुरलेले दिसतात. नंतरच्या नकली छपाईत तेच ठिपके कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे एका रांगेत दिसतात. प्रत्येक चित्राबरोबर 'जेहू ज्युनियर' ह्या टोपणनावाने लिहिलेला एक खुसखुशीत मजकूर येई. पण सुटी चित्रे हिंडत हिंडत आपल्यापर्यंत येतात तेव्हा तो बहुधा हरवलेला असतो. राहता राहिली जपणूक. आमच्या दोन्ही तालुक्यांना पावसाने कायमचा हात आखडता घेतलेला आहे. शेतकऱ्याला हे दुःख. पण कागदाला आमची कोरडी हवा भारी मानवते. कोकणातल्या घरी ही चित्रे चार पावसाळ्यांत बुरशीने खाल्ली असती. येथे थोडा कडुलिंबाचा पाला आणि वर्षातून एकदा सावलीतला वारा, एवढ्यावर भागते.

गठ्ठा उघडला की वर येतात ते डीन लिडेल. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजचे हे प्रमुख, ग्रीक भाषेच्या जाडजूड कोशाचे एक कर्ते. चित्र १८७५ च्या ३० जानेवारीचे. पण ह्या महापंडिताला आज जगातली मुले ओळखतात ती त्यांच्या मुलीमुळे. तिचे नाव ॲलिस. त्याच कॉलेजातील गणिताच्या एका लाजऱ्या शिक्षकाने होडीतून फिरताना तिला जी गोष्ट सांगितली, तीच पुढे 'ॲलिस इन वंडरलँड' म्हणून जगभर गेली. कोश कपाटात राहिला आणि गोष्ट पोरांच्या उशाशी गेली!

मग १८९८ चे स्पूनर. ऑक्सफर्डच्याच न्यू कॉलेजातील हे सज्जन प्राध्यापक. दृष्टी अधू आणि जिभेची एक विलक्षण खोड. दोन शब्दांची पहिली अक्षरे ते अदलाबदल करून बोलत, निदान त्यांच्या विद्यार्थ्यांनी तरी तशी ख्याती करून ठेवली. आपल्याकडे असते तर त्यांनी यजमानीणबाईंकडे चहा-पोह्यांऐवजी 'पहा-चोहे' मागितले असते आणि दिवाळीच्या ताटातील लाडू-चकलीला 'चाडू-लकली' म्हटले असते. ह्यांतली बहुतेक वाक्ये विद्यार्थ्यांनीच रचून त्यांच्या नावावर खपवली. तरीही १९०३ साली ते कॉलेजचे प्रमुख झाले आणि विद्यार्थ्यांचे प्रेम त्यांनी अखेरपर्यंत भोगले. १८८७ चे जॉइन्स मास्तर ईटनच्या खालच्या वर्गांचे मुख्य. त्या शाळेत आपल्यासारखी वेताची छडी नसे. बर्च झाडाच्या काटक्यांची जुडी असे. पुढे लॉर्ड आणि मंत्री होणाऱ्या पोरांनी तिचा प्रसाद घेतलेला. छडीला जात-कुळी समजत नाही, हे पाहून मला त्या शाळेविषयी थोडी आपुलकी वाटली.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो.

डीन लिडेलांच्या चित्रानंतर बरोबर एका आठवड्याने, १८७५ च्या ६ फेब्रुवारीला, मॅक्स म्युलरांचे चित्र निघाले. चितारी 'एप', मथळा 'भाषेचे शास्त्र'. हे जर्मन पंडित ऑक्सफर्डला स्थायिक झाले आणि सायणभाष्यासह ऋग्वेद त्यांनी छापून काढला. आपल्या जुन्या शास्त्रीमंडळींनी त्यांचे 'मोक्षमूलर भट्ट' असे बारसे केले होते आणि ऑक्सफर्डचे 'गोतीर्थ'. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. पण १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज झाला त्यात ह्या गृहस्थांनी पुढाकार घेतला, आणि ऋग्वेदाची प्रत तुरुंगात टिळकांकडे पाठवली. १८९८ च्या सप्टेंबरात टिळक सुटले. एका पंडिताने दुसऱ्या पंडिताला ओळखले ते असे.

परंतु १८७५ म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला आठवते ते वेगळेच. मोक्षमूलर भट्टांचे चित्र निघून पुरते शंभर दिवसही झाले नव्हते. मे महिन्याच्या १२ तारखेला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, कर्जरोखे बाहेर काढले आणि त्यांची होळी केली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इंदापूर तालुक्यालाही त्याची झळ लागली. इतिहासाची पुस्तके ह्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लंडनमध्ये भाषेच्या शास्त्राचे चित्र पाहून लोक हसत होते. सुप्याला, आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदांवर अंगठे उठवून बसलेली माणसे ते कागद जाळीत होती. दोन्ही घटना एकाच साम्राज्यातल्या, एकाच वर्षातल्या.

आणि हे साम्राज्य चालवणारी माणसे कोणी निवडली? गठ्ठ्यातले पुढचे चित्र पाहा. बेंजामिन जॉवेट, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख. 'स्पाय'ने काढलेले, १८७६ च्या फेब्रुवारीतले. मथळा एकच शब्द: 'ग्रीक'. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली १८५४ साली जी समिती बसली आणि जिने मुलकी नोकरांच्या परीक्षेचा आराखडा आखला, तिचे जॉवेट हे सभासद. त्या आराखड्यात ग्रीकला ७५० गुण होते आणि संस्कृतला ३७५. मराठीचा प्रश्नच नव्हता. ती नेमणूक झाल्यावर शिकायची. म्हणजे पुण्याचा कलेक्टर म्हणून जो तरुण साहेब घोड्यावर बसून कऱ्हा-नीरेच्या काठी येई, त्याच्या डोक्यात होमरच्या महाकाव्याची पाने असत आणि पुढ्यात बाजरीचे वाळलेले रान.

ह्याहून जुना धागा इंदापूरचा. त्याचे चित्र माझ्याजवळ नाही, कारण तो माणूस व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वी तीन वर्षे, १८३४ साली वारला. परंतु त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला ठेवलेले टोपणनाव उरले आहे. थॉमस माल्थस हे हेलीबरी येथे कंपनी सरकारच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत. लोकसंख्येवरील ग्रंथाने ते जगप्रसिद्ध झाले होते. इंग्रजीत लोकसंख्येला जो शब्द आहे त्याचे पहिले अक्षर उचलून पोरे त्यांना 'पॉप' म्हणत. ह्या पॉप मास्तरांचा एक हुशार विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल पुढे आमच्या मुलखात आला आणि १८२७-२८ च्या सुमारास त्याने शेतांची पाहणी सुरू केली. वर्गात शिकलेला सिद्धांत मोठा तर्कशुद्ध होता. उत्पन्नातून मजुरी, बी-बियाणे, बैल आणि कुणब्याचा नफा वजा करावा. जे निव्वळ उरेल त्याचा ठरावीक वाटा सरकारने घ्यावा. वाटा ठरला शेकडा पंचावन्न. आता निव्वळ उत्पन्न काढायचे तर प्रत्येक रानाची मोजणी आली, पीक तोलणे आले, खर्चाचे अंदाज आले; आणि ते करणारे कारकून म्हणजे काही माल्थसचे विद्यार्थी नव्हते. लाच खाऊन खडकाळ रानाला काळी जमीन आणि काळीला खडकाळ ठरवणारे हात त्यांत होते. पाऊसही हेलीबरीच्या वर्गात बसलेला नव्हता. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली, वरून वाईट वर्षे आली, आणि कुणबी शेते टाकून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेले. भीमा आणि नीरा ह्या दोन नद्यांच्या बेचक्यातले इंदापूरचे रान ओस पडले. शेवटी १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनी इंदापूरपासूनच नवी पाहणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचे त्रैराशिक त्यांनी सोडून दिले, जमिनीची प्रतवारी धरली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षे बांधून दिला. हीच पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. आजही सात-बाराच्या उताऱ्यावर आकार वाचताना आपण त्या इंदापुरी हिशेबाचाच नातू वाचीत असतो.

मला ह्या हकिकतीत एक गोष्ट फार लागते. हेलीबरीच्या पोरांना आपल्या मास्तरांना 'पॉप' म्हणण्याची मुभा होती. बेलियलच्या विद्यार्थ्यांनी १८८१ साली जॉवेटसाहेबांच्या सर्वज्ञपणावर पद्ये रचून छापली. कॉलेजने डोळे वटारले, पण आकाश कोसळले नाही. जेथे विद्वानाला हसता येते तेथे त्याचे चुकणेही लवकर दिसते. इंदापूरच्या कुणब्याला त्या सिद्धांताला हसण्याची सोय नव्हती. त्याच्याजवळ उत्तर एकच होते: नांगर मोडून ठेवायचा आणि बायकापोरांसह नदी ओलांडायची.

म्हणून 'व्हॅनिटी फेअर'चे हसू कितीही गोड असले तरी ते एका घरातले हसू आहे. काढणारा ईटनचा, काढला जाणारा ईटनचा, विकत घेणाराही त्याच पंगतीतला. चित्र छापून आले म्हणजे आपण मोठे झालो असे ते लोक मानीत. शाळेच्या दाराबाहेर उभे असलेल्याने मास्तराचे चित्र काढले तर ते कसे दिसेल? ह्या प्रश्नाचे उत्तर मला विलायतेत मिळाले नाही. ते पुण्यातच मिळाले.

१८६९ च्या ज्या वर्षी लंडनमध्ये ही चित्रमाला सुरू झाली, त्याच वर्षी जोतीराव फुले ह्यांनी एक पोवाडा प्रसिद्ध केला. नाव, 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी'. पोवाडा म्हणजे वीरांचा. येथे नायक शाळामास्तर! हीच मुळात केवढी मोठी थट्टा. सरकारी शाळेतला पंतोजी आपल्या जातीच्या पोरांवर माया कशी करतो आणि कुणब्या-माळ्यांच्या पोरांना शिकण्याआधीच कसा कंटाळा आणतो, ह्याचे ते शब्दचित्र आहे. त्यात रंग नाहीत, चाबूक आहे. आणि चाबूक ओढणारा परका नव्हता. जोतीराव १८४८ पासून स्वतः शाळा काढीत आणि शिकवीत आले होते. मास्तरकीची ज्याला मनापासून किंमत, त्यालाच खोटा मास्तर असा झोंबतो. केवळ टवाळी करून ते थांबले नाहीत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असे स्पष्ट मागितले.

माझ्या संग्रहात त्या पोवाड्याची एक साधी छापील प्रत आहे. ती मी जॉवेट आणि जॉइन्स ह्यांच्या मध्ये ठेवली आहे. पाहुणे विचारतात, "ह्यात चित्र कोठे आहे?" मी म्हणतो, "वाचा, म्हणजे दिसेल."

आपल्याकडे मास्तरांची थट्टा नव्हती असे नाही. ती कागदावर रेघांनी कमी उतरली. मुंबईत १८५४ सालीच लंडनच्या 'पंच'च्या धर्तीवर 'पारशी पंच' निघाले आणि पुढे त्याचेच 'हिंदी पंच' झाले. पण त्याचा रोख मुख्यतः राजकारणी पुढाऱ्यांवर. खेडोपाडी हे काम बहुरूपी करीत. माझ्या लहानपणी इंदापुरास येणारा बहुरूपी एक दिवस फौजदार होई आणि दुसऱ्या दिवशी मास्तर. फौजदाराला पोरे भीत आणि मास्तरावर हसत, तेवढाच काय तो सूड. पुढे हे काम लेखकांनी उचलले. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी स्वतः पाली भाषेचे प्राध्यापक होते, आणि पु. ल. देशपांड्यांच्या १९६२ च्या 'व्यक्ति आणि वल्ली'तले चितळे मास्तर कोणाच्या घरचे नाहीत?

पण चितळे मास्तर एकच. बाकीच्या हजारो मास्तरांचे काय झाले, हे माझ्याच घरचे उदाहरण देऊन सांगतो. माझे आजोबा आमच्या कुळंबी घराण्यातले पहिले शिकलेले. व्हर्नाक्युलर फायनल झाले, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आले आणि इंदापूर तालुक्यातल्या लोकल बोर्डाच्या शाळांतून त्यांनी उभी हयात काढली. जोतीरावांनी मागितलेला शेतकऱ्याच्या घरचा मास्तर तो हाच, असे मी मनाशी म्हणतो. माझ्या जन्माआधीच ते गेले. घरात त्यांची एक तसबीर आहे: बंद गळ्याचा कोट, रुमाल, ताठ मान, समोर रोखलेली नजर. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार. त्या तसबिरीतून मला आजोबा कधी भेटलेच नाहीत. कोणाही मास्तरांची तसबीर काढून तेथे लावली असती तरी हार तसाच शोभला असता.

ते भेटले इंदापूरच्या बाजारात. मी नुकता नोकरीला लागलो होतो. एक वयस्कर मेंढपाळ माझे आडनाव ऐकून थबकला. म्हणाला, "म्हंजी तुम्ही आमच्या मास्तरांचं नातू?" आणि पुढच्या क्षणी, घोंगडी खांद्यावर तशीच टाकून, भर बाजारात त्याने आजोबांची नक्कल सुरू केली. दोन बोटांनी तपकीर ओढली. बोटांवरचा खडू फुंकला. कोटाचे तुटलेले बटण चाचपले, ते नाही हे पाहून दर वेळी नव्याने आश्चर्य केले. मग हातातली काठी उगारली आणि समोरच्या भाजीच्या फळीवर खाडकन मारून तो ओरडला, "घोड्या, तुझ्या वाटणीची आज टेबलानं खाल्ली! उद्या तरी पाढा पाठ करून ये!" भाजीवाली दचकली, लोक हसले. तो म्हातारा मात्र हसत नव्हता. "आमाला कवा शिवली न्हाई त्यांची छडी," तो म्हणाला. "आमी म्हंजी मेंढराची पोरं. दुसरं मास्तर वर्गात घ्यायला बी राजी नव्हतं. सगळा मार त्या टेबलानं खाल्ला बगा."

आजोबांना मी पाहिले ते तेवढेच, दोन-तीन मिनिटे. 'स्पाय'ने आणि 'एप'ने मिळून काढले असते तरी इतके हुबेहूब चित्र झाले नसते.

तेव्हापासून ह्या विलायती चित्रांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. जॉवेटसाहेब वारून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण त्यांच्या देहाची ठेवण, उभे राहण्याची ढब आजही कागदावर जिवंत आहे, कारण कोणी तरी त्यांना हसले. मोरोपंत आमच्या बारामतीचे. एकशे आठ रामायणे रचणारा हा कवी पुराण सांगताना मान कशी हलवीत असेल, शब्द अडला तर उपरण्याशी काय चाळा करीत असेल, हे कऱ्हेच्या घाटावरच्या एखाद्या खोडकर पोराने टिपून ठेवले असते तर! आपण थोरांना हार घातले आणि हारांच्या आड त्यांचे चेहरे झाकून टाकले. आदर दाखवण्याची आपली रीत चांगली आहे, पण तिला स्मरणशक्ती नाही.

शेजारी बागायतदारांना मी आता उत्तर देऊ शकतो. हे गोरे मास्तर आपले कोण? त्यांतल्या एकाच्या ग्रीकने आपले कलेक्टर निवडले. एकाच्या ऋग्वेदाने आपल्या लोकमान्यांना तुरुंगात सोबत केली. आणि ज्याचे चित्र नाही त्याच्या सिद्धांताने आपली रानेच ओस पाडली. एवढा संबंध पुष्कळ झाला. आणि ह्याहून जवळचा संबंध असा, की आपल्या मास्तरांची चित्रे आपणच काढायची राहून गेली आहेत, ह्याची ते आठवण करून देतात.

ह्या दिवाळीत आपल्या घरी मंडळी जमतील. आजोबा-आजी असतील, मुंबई-पुण्याहून आलेले काका-मामा असतील. फराळ आटोपला की त्यांना त्यांच्या मास्तरांची नक्कल करायला लावा. आढेवेढे घेतील, पण दुसऱ्या चकलीनंतर उठतील. घरातल्या ज्या पोराला चित्र काढता येते त्याच्या हाती पेन्सिल द्या. ज्याला येत नाही त्याने लिहून काढावे: मास्तर कसे खाकरत, कोणत्या शब्दावर अडत, कोणाला मारीत आणि कोणाला मारीत नसत. मारीत असतील तर तेही लिहावे. जोतीरावांनी ते गाळले नव्हते. मात्र हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये. नक्कल करणारे आता थोडेच उरले आहेत.